उजवा गाल

बारा ताटल्या. प्रत्येकीत रुपयाएवढी कातडी.
खाली गुलाबी पाणी, वर नुसती हवा.
सदतीस अंशांच्या कपाटात
दोन आठवडे त्या अंगावर थर चढवत बसतात,
दुधावर साय धरावी तसा.

ही कुणाची, मला माहीत नाही.
दसरा चौकाजवळच्या दवाखान्यातून आला होता
ऑपरेशनमधून उरलेला तुकडा, बर्फाच्या डब्यात,
सोबत संमतीचा कागद, त्यावर निळा अंगठा.
वय एकेचाळीस. जागा: मांडी.
म्हणजे जन्मात ऊन न पाहिलेली.
तिच्या पेशी मी वाढवल्या,
कोलॅजनच्या जाळीत एकेक करून रुजवल्या,
आणि आता रोज दोनदा
मीच तिला उन्हात काढते.

आमचं ऊन पेटीत असतं.
चार निळसर नळ्या, एक टायमर,
चोवीस मिनिटांत मे महिन्यातली अख्खी दुपार.
ढग नाही, झाड नाही,
आत ये गं, म्हणून हाक मारायला कुणी नाही.
सहा ताटल्या पेटीत.
सहा चांदीच्या कागदात गुंडाळून शेजारी,
त्याच उबेत, पण अंधारात.
त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो.

माझे वडील आकाराम.
एकतीस वर्षं एसटी चालवली, कोल्हापूर ते कराड.
सकाळी उत्तरेला जाताना सूर्य उजवीकडे,
दुपारनंतर परत येताना, पुन्हा उजवीकडेच.
किणी, पेठ नाका, कासेगाव,
गावं मागे पडायची, बाजू बदलायची नाही.
काच ओढली की झालं, म्हणायचे.
काचेतूनही काय काय आत येतं
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
मलाही ते इथे येऊनच कळलं.

उजवा गाल जाड, पिवळट, चौकटी-चौकटींचा.
डावा अजून लग्नाच्या फोटोतलाच.
आई जेवायला मुद्दाम त्या बाजूला बसते,
म्हणते, मला कुठं तुम्ही म्हातारे दिसताय.

गेल्या शनिवारी माझा विसरलेला डबा घेऊन आले.
कुणी सांगितलं नसताना चपला बाहेर काढल्या.
मी दोन काचा लावून दिल्या,
मायक्रोस्कोपला डोळा टेकून ते बराच वेळ गप्प.
ही सावलीतली, मी म्हटलं, धागे बघा,
नव्या बाजेच्या सुंभासारखे, ताणून बसलेले.
आणि ही उन्हातली.
इथे तुटलंय, इथे, आणि इथे तर नुसता भुगा.

“हिला दुखत न्हाई?”
नाही. नसाच नाहीत तिला.
“घाम?”
तोही नाही.
“मग बिचारीला कळायचं कसं, सावलीला सरकायचं?”
मी वही उघडली होती, तशीच राहिली.
ते डोळा न उचलता म्हणाले,
“मला कळत हुतं की. पर स्टेअरिंग सोडून
सरकणार कुठं?”

रविवारी मी मलमाची ट्यूब घेऊन घरी गेले.
उजवा गाल धरायला हात पुढे केला
तर त्यांनी मान फिरवून डावा दिला.
“ह्यो राखायचा,” म्हणाले, “त्यो गेला.”
मी दोन्हींना लावलं. हसले. खोबरेल बरं होतं, म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्या ताटल्या संपतात,
सावलीतल्यासुद्धा.
आकडे तेवढे राहतात, माझ्या अक्षरात.
ती बाई कदाचित या घडीला
दसरा चौकात रिक्षाची वाट बघत असेल,
पदर कपाळापर्यंत ओढून.
तिच्या वाट्याच्या वीस दुपारी
इथे सागरमाळाच्या माळावर, एका खोलीत,
जळून गेल्यात, तिला पत्ता नाही.

आज टायमर लावताना दिसलं,
नऊ नंबरच्या ताटलीचा कागद
एका कोपऱ्यात जरासा सुटलाय.
पेटी बंदच होती. तरी मी तो
अंगठ्याने दाबून बसवला,
आणि मग पुन्हा एकदा.